राणीच्या औक्षणाचा दिवा

कोणतीही वस्तू हातात आली की आमचे घरमालक ती आधी उलटी करायचे. कपबशी, चप्पल, लग्नपत्रिका, औषधाची पट्टी, बिस्किटाचा पुडा, काहीही. पाहुण्यांनी आणलेला मिठाईचा खोका उलटा केल्यामुळे आतले पेढे एका कोपऱ्यात जाऊन चेपायचे, पण त्याला इलाज नव्हता. गणपती घरी आणताना त्यांनी मूर्ती दुकानातच आडवी केली आणि खालच्या भोकातून आत बोट घालून बघितलं. दुकानदार म्हणाला, "काका, देव आहे." हे म्हणाले, "देव वरून हाय. खालून माती हाय का प्लास्टर, ते बघतोय."

शहरातली छावणी ओलांडली की दौलताबादकडे जाणारा रस्ता लागतो, त्याला लागून त्यांचं घर होतं. वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहायचे, खाली काका आणि काकू. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेलेली. काकांची सगळी नोकरी कालव्यावर गेली. कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं ते ठरवायचं, आणि पाळी नसताना कोण चोरून दार उघडतो ते शोधायचं. निवृत्त होताना दाराच्या किल्ल्या त्यांनी परत दिल्या. संशय तेवढा घरी आणला.

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले.

"एकट्याच राहणार?"

"हो."

"मग कुलपं दोन कामून आणली?"

मी सांगितलं की एक हरवलं तर असावं म्हणून. त्यांना ते पटलं नाही, पण काकू आतून म्हणाल्या, "अवो, त्यांना च्या तरी पिऊ द्या," आणि खोली मला मिळाली.

माझं काम पाहुण्यांच्या दौऱ्यांची व्यवस्था बघण्याचं. एका खाजगी संस्थेत आहे. परिषदा, शिष्टमंडळं, लेणी बघायला येणारे परदेशी गट. काय हवं, कोण आणणार, कधीपर्यंत, आणि आलंच नाही तर काय, असे चार रकाने आखून मी कामाला बसते. घरीसुद्धा फ्रिजवर यादी असते. काका वर टाकी बघायला आले की तिच्यासमोर थांबायचे. एकदा म्हणाले, "एवढं लिहून ठेवता म्हणजे कुणाला तरी दाखवायचं असणार." मी म्हटलं, मलाच दाखवायचं असतं. ते मान हलवून खाली गेले, आणि जिन्यावरून त्यांचं नेहमीचं वाक्य ऐकू आलं. "यात काय तरी हाय."

हे वाक्य ते दिवसभर म्हणत. नळाला वेळेवर पाणी आलं, यात काय तरी हाय. शेजाऱ्यानं आपणहून नमस्कार केला, यात काय तरी हाय. डॉक्टरांनी रक्तदाब तपासून "एकदम छान" म्हटलं, तर ते लगेच दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. शहराचं नाव बदललं तेव्हा ते पत्त्यात दोन्ही नावं लिहू लागले. का, असं मी विचारलं तर म्हणाले, "पत्र यायला पायजे. बाकी आपल्याला काय करायचं?"

तेलाचं तर विचारू नका. डबा घरी आला की आधी उलटा, मग सुलटा, मग झाकण उघडून वास, मग तळहातावर थेंब. देवाच्या दिव्यात घालायचं तेलसुद्धा यातून सुटायचं नाही. काकू निरांजन लावत असल्या की मागून प्रश्न यायचा, "कुठलं हाय?" काकू न वळता म्हणायच्या, "कालचंच."

काकू अगदी उलट. मीटर बघायला आलेल्या माणसाला त्या पंख्याखाली बसवायच्या. दारावर आलेल्या बोहारणीच्या मुलीची शाळा कुठपर्यंत आली, हे त्यांना ठाऊक असायचं. घराची जादा किल्ली गल्लीत तीन घरांत होती, आणि हे काकांना माहीत नव्हतं. त्यांचं माहेर दौलताबाद, किल्ल्याच्या पायथ्याशी. भावाची सीताफळाची झाडं होती. सीझनला तिथून पाटी यायची. काका एकेक फळ उलटं करून देठ बघायचे आणि काकू तोवर दोन खाऊन मोकळ्या व्हायच्या.

एवढी वर्षं अशा दोन माणसांचं कसं जमलं, असं मला सुरुवातीला वाटायचं. नंतर वाटेनासं झालं. संशय घ्यायचं सगळं काम काकांनी घेतलं होतं, म्हणून काकूंना घ्यावा लागत नव्हता.

दोनेक वर्षांपूर्वी पावसाळा संपता संपता बातमी आली. युरोपातल्या एका थंड देशाचे राजा-राणी भारताच्या दौऱ्यावर येणार होते आणि दिल्लीचे कार्यक्रम आटोपून एक दिवस आमच्याकडे. वेरूळ बघायचं, आणि वाटेत दौलताबादच्या पायथ्याशी थोडा वेळ थांबून गावच्या बायकांकडून स्वागत. त्या थांब्याची व्यवस्था आमच्या संस्थेकडे आली, म्हणजे माझ्याकडे.

मी खाली सांगितलं तेव्हा काका वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते खाली ठेवलं.

"राजा हाय, तर तिथं राज्य त्याचंच आसंल?"

"नाही. तिथं निवडणूक होते, पंतप्रधान असतो."

"मग ह्यो काय करतो?"

"उद्घाटनं करतो. पाहुण्यांना भेटतो. दौरे करतो."

"म्हणजे नुसता हिंडतो." त्यांनी पेपरातला फोटो जवळ धरला. साध्या कोटातला उंच माणूस आणि बिनपदराच्या, निळ्या कपड्यातली हसरी बाई. "मुकुट नाय, काय नाय. हेच ते कशावरून?"

"दिल्लीवाले बघून घेतात हो काका."

"दिल्लीवाल्यांनी तरी कुठं बघितलेत आधी?"

काकू पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "राणी कुंकू लावून घेती का, ताई?"

या प्रश्नावरून मला सुचलं. औक्षणासाठी दौलताबादच्या बचत गटातल्या बायका लागणार होत्या आणि काकू सासरी राहूनही त्या गटात होत्या. दर महिन्याला बसनं जायच्या. मी म्हटलं, "तुम्हीच लावा की. नाव देऊ का तुमचं?"

काकूंचं लाटणं थांबलं. पुढचे काही दिवस त्या घरात वेगळ्याच चालत होत्या. माहेरच्या गावात, किल्ल्याच्या समोर, भाऊ-भावजयीच्या देखत एका राणीला ओवाळायचं. त्यांनी हे कुणाला फार बोलून दाखवलं नाही. फक्त ट्रंकेतली जांभळी पैठणी काढून उन्हात घातली, आणि दुपारी मी वर जात असताना विचारलं, "हाताला कापरं भरत नाय ना, ताई, अशा वेळी?"

काकांचं मत एकाच वाक्यात होतं, ते तुम्हाला माहीत आहे.

त्यातच त्यांच्या भिंतीचं झालं. दौऱ्याचा रस्ता घरासमोरून जात होता. काका गिरणीवर गेलेले असताना माणसं आली आणि रस्त्याकडेच्या सगळ्या भिंतींबरोबर यांच्या कुंपणालाही पिवळा रंग देऊन गेली. काका परत आले, पिठाचा डबा खाली ठेवला आणि भिंतीला बोट लावून बघितलं.

"फुकट कामून रंगवली?"

"पाहुणे जाणार इथून. चांगलं दिसावं म्हणून."

"पाहुणे काचंच्या गाडीत. त्यांना काय माझी भिंत बघायचीय? ही निशाणी हाय, मॅडम. ज्या भिंती पुढं पाडायच्या त्या आधी रंगवून ठेवतात." नंतर आठवडाभर ते संध्याकाळी भिंतीजवळ खुर्ची टाकून बसले. कोणीही तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं तर हे उठून उभे राहायचे.

पोलिसांच्या पडताळणीसाठी औक्षणाच्या बायकांच्या आधार कार्डाच्या झेरॉक्स लागणार होत्या. काकूंची झेरॉक्स काकांनी बंद पाकिटात माझ्याकडे दिली. दोन दिवसांत ती परत आली. पडताळणीच्या टेबलावरचा माणूस मला म्हणाला, "मॅडम, यात बाई कुठंय?"

मी बघितलं. झेरॉक्सचा गैरवापर होऊ नये म्हणून तिच्यावर कारण लिहून आडवी रेघ मारतात, तसं काकांनी लिहिलं होतं. 'फक्त राजा-राणी औक्षणाकरिता, दौलताबाद, अन्य कोणत्याही कामास ग्राह्य नाही.' आडवं लिहिलं होतं, उभं लिहिलं होतं, तिरपं लिहिलं होतं, आणि उरलेल्या जागेत तारीख घालून सह्या. काकूंच्या चेहऱ्याच्या जागी फक्त एक कान दिसत होता.

मला राग आला. खरं तर संशय आला. इतकी वर्षं कागदपत्रं सांभाळलेल्या माणसाला कळत नाही की चेहरा दिसायला हवा? मी काकूंना तसं म्हणालेही. त्या म्हणाल्या, "नाय हो, ताई. गॅसच्या कागदावर पण असंच करतात. त्यांचा स्वभाव हाय." आणि दुपारी काका झोपलेले बघून त्यांनी स्वच्छ झेरॉक्स माझ्या हातात दिली. नाव पक्कं झालं.

आदल्या दिवशी सकाळी दौलताबादला रंगीत तालीम झाली. एक उंच हवालदार राजा झाला आणि मी राणी. दिल्लीहून आलेली सुरक्षेची माणसं घड्याळ घेऊन उभी होती. त्यांच्यातल्या बाईंनी नियम सांगितले. जळती वात चालणार नाही. कुंकवाचं बोट लावायचं नाही. अक्षता टाकायच्या नाहीत. तोंडात साखर घालायची नाही.

रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "मग राणीला आम्ही नुस्तं बघायचं का?"

बराच वेळ बोलणी होऊन बॅटरीवरच्या दिव्यांवर तडजोड झाली. प्लास्टिकची पणती, वर मेणाच्या रंगाची खोटी ज्योत, बुडाला खटका आणि आत बटणाएवढा सेल. पेटीतून मी ते वाटले. प्रत्येकीनं घरी नेऊन सराव करायचा, सकाळी तपासणी होईल, पण उद्या रांगेत दिवा पेटवायचा तो राणी समोर आल्यावर, इशारा मिळाला की. तोपर्यंत खटक्याला हात लावायचा नाही, अशी सुरक्षेवाल्यांची ताकीद होती.

घरी काकांनी दिवा बघितला. उलटा केला. बराच वेळ उलटाच धरला.

"हे काय औक्षण हाय का? टॉर्च मारून तपासणी चाललीय राणीची." मग नखानं बूड खरवडत, "कंपनीचं नाव नाय. गाव नाय. कुठून आणला?"

"बाजारातून. चांगला आहे, काका."

"परवा पेपरात होतं, एकाच्या खिशात मोबाईल फुटला."

"त्यो मोबाईल होता," काकू म्हणाल्या. "हा दिवा हाय. द्या इकडं."

संध्याकाळी व्हरांड्यात काकूंनी सराव केला. तबकात झेंडू, सुपारी आणि तो दिवा. त्या काकांना म्हणाल्या, "बसा जरा समोर. हात कुठवर न्यायचा ते कळंल." काका पेपराआडून म्हणाले, "मी काय राजा हाय का?" मग जिन्याच्या पायरीवर मी बसले. काकूंनी मला सावकाश ओवाळलं. खोट्या ज्योतीचा उजेड त्यांच्या हनुवटीवर पडला होता. पेपर मध्येच थोडा खाली आला आणि परत वर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकांना न्यायला बस येणार होती. मी अंधार सरता सरताच दौलताबादला पोहोचले होते, त्यामुळे घरी काय झालं ते मला नंतर कळलं. कळलं तसं सांगते.

काकू आंघोळीला गेल्या तेव्हा काकांनी त्यांच्या पिशवीतून दिवा काढला. चष्म्याच्या छोट्या स्क्रू-ड्रायव्हरनं बूड उघडलं, सेल काढून खिशात घातला, दिवा होता तसा बंद करून परत ठेवला. छावणीत त्यांच्या ओळखीचं घड्याळाचं दुकान होतं, तिथं नावाच्या कंपनीचा सेल मिळतो, दहा मिनिटांत घेऊन येऊ, असा त्यांचा विचार. पण दौऱ्यासाठी रस्त्यावरची सगळी दुकानं बंद ठेवली होती. ते आणखी पुढे गेले, गल्लीतून दुकानदाराचं घर शोधलं, तो गावाला गेलेला. परत आले तेव्हा बस काकूंना घेऊन निघून गेली होती.

मोठा रस्ता वाहनांना बंद होता. शेजारच्या पोराच्या मोटारसायकलवर मागे बसून ते शेतातल्या वाटेनं दौलताबादला आले.

माझ्याकडे वॉकीटॉकीवरून निरोप आला की दोरीपाशी एक इसम आहे, तुमचं नाव सांगतो. मी गेले. इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यावर धूळ, कपाळावर घाम, आणि उजव्या हाताची मूठ घट्ट मिटलेली. समोर तोच कालचा राजा झालेला हवालदार.

"मूठ उघडा, काका," हवालदार म्हणाला.

"तुमच्याशी माझं काय काम नाय. मला फक्त आतल्या त्या जांभळ्या पैठणीवालीला एक वस्तू द्यायचीय."

"तेच विचारतोय. हातात काय आहे?"

काकांनी मूठ उघडली. हवालदारानं तो सेल दोन बोटांत उचलला, उलटा केला, उन्हात धरला.

"कशाचा आहे हा?"

"दिव्याचा."

"मग दिव्याच्या बाहेर कसा?"

दिल्लीचे एक साहेब तिथं आले, त्यांनी हिंदीत विचारलं, चाचा, ये कहाँ से लाए, किसने दिया, अंदर किसको देना है. काका माझ्याकडे बघत होते. मी सांगितलं की माझे घरमालक आहेत, चांगली माणसं आहेत, दिव्यातला सेल यांनीच काढला असणार. साहेबांनी विचारलं, क्यों निकाला? ते मलाही ठाऊक नव्हतं. काका म्हणाले, "भरोसा नव्हता."

"किस पर?"

तेवढ्यात सायरनचा आवाज आला. मी म्हटलं, मला एक मिनिट द्या, मी स्वतः नेऊन देते. साहेब म्हणाले, अब कोई चीज अंदर नहीं जाएगी. सेल हवालदाराच्या खिशात गेला. काकांना खांद्याला धरून दोरीच्या मागं बसवलं आणि शेजारी एक शिपाई उभा केला. मी रांगेकडे धावले, पण गाड्या आल्या होत्या आणि मला माझ्या जागेवर उभं राहावं लागलं.

काकू रांगेत शेवटच्या होत्या. ती जागा त्यांनीच मागून घेतली होती, कारण दोरीपलीकडं बरोबर त्यांच्या मागे त्यांची भावजय आणि माहेरची माणसं उभी होती. राजा पुढे झाला, वाकून नमस्कार करत गेला. राणी मात्र प्रत्येकीसमोर थांबत होती. इशारा झाला. खटके वाजले आणि एकेक ज्योत पिवळी झाली.

काकूंनी खटका दाबला. परत दाबला. तबक पोटाशी धरून अंगठ्यानं तिसऱ्यांदा दाबला. मला त्यांचा चेहरा दिसत होता. त्यांनी शेजारणीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग राणी समोरच आली.

राणी थांबली, हसली. काकूंनी तबक उचललं आणि न लागलेल्या दिव्यानं ओवाळायला सुरुवात केली. काल व्हरांड्यात फिरवला होता तसाच सावकाश हात फिरवला. एक झेंडू घरंगळून खाली पडला. राणीला कुणीतरी शिकवलं असावं. तिनं दोन्ही हात त्या न पेटलेल्या दिव्यावर धरले, ऊब घेतल्यासारखे, आणि स्वतःच्या गालांना लावले. मग मान लववून गाडीकडे गेली.

गाड्या गेल्यावर धूळ खाली बसायच्या आत भावजयीचा आवाज आला. "वन्सं, तुमचाच कसा काय विझला हो?"

काकू म्हणाल्या, "लागलाच नाय." पदरानं त्यांनी दिवा पुसला, काही सांडलं असावं तसा. तेवढ्यात सुटका झालेले काका दोरीखालून वाकून आले. हवालदारानं सेल कागदाच्या कपट्यात गुंडाळून परत दिला होता. त्यांनी तो काकूंपुढं धरला. काकूंनी सेल बघितला, मग त्यांच्याकडं बघितलं, आणि बायकांच्या बसमध्ये जाऊन बसल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. नेमका काकूंचाच. राणीचे हात दिव्यावर असल्यामुळे तो पेटलेला आहे की नाही, हे कुणालाच कळलं नसतं. गल्लीतल्या बायका अभिनंदन करायला आल्या. मुलीचा पुण्याहून फोन आला. काकू सगळ्यांना चहा करत होत्या आणि म्हणत होत्या, "व्हय, लई चांगली हाय राणी." काकांनी फोटो कापून ठेवला. उलटा करून बघितलं, मागे पंख्याची जाहिरात होती.

दुपारी जेवणाच्या वेळी मी पाण्याच्या मोटारीचं विचारायला खाली गेले होते. काकांच्या पाटासमोर ताट पालथं घातलं होतं. वाटी पालथी, पेला पालथा.

"हे काय?" काका म्हणाले.

"बघून घ्या आधी," काकू म्हणाल्या. "मग वाढते."

हे एका दिवसापुरतं नव्हतं. रोज सकाळी चहाचा कप बशीवर पालथा यायचा. आंघोळीची बादली पालथी. चपला दाराशी पालथ्या. काकू भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. काय हवं-नको ते विचारत होत्या. फक्त त्यांच्या हातात सुलटी वस्तू एकही द्यायच्या नाहीत. काका मुकाट्यानं एकेक सुलटी करत होते.

मी त्यांना एकदा जिन्यावर गाठलं. माझ्या कामात एकाच माणसाकडून दोनदा अडथळा आला तर त्याला योगायोग म्हणत नाहीत. आधी झेरॉक्स, मग सेल. मी सरळ विचारलं, "काकूंनी जाऊ नये असं तुम्हाला वाटत होतं का?"

"नाय."

"मग सांगून जायचं होतं. दिवा तसाच ठेवून का गेलात?"

"सांगितलं असतं तर ती म्हणली असती, राहू द्या. ती सगळ्यालाच राहू द्या म्हणते." ते कठड्याला टेकले. "एवढ्या लोकांत ती हसत उभी राहणार. कुणीबी कायबी हातात देणार आन ती घेणार. फुटला असता तर? माझ्या हातात असता तर गोष्ट वेगळी."

हे खरं असेल. खरं वाटलं मला. पण वर आल्यावर पुन्हा विचार केला, की संशयी माणसाकडे प्रत्येक गोष्टीचं कारण तयारच असतं, आणि ते ऐकताना पटतंच. माझ्या मनातला रकाना मी तसाच रिकामा ठेवला.

दिवाळी आली. पाडव्याला संध्याकाळी काकूंनी मला फराळाला खाली बोलावलं. काका नवा सदरा घालून पाटावर बसले होते. पाडव्याला बायको नवऱ्याला ओवाळते, तर हे बसणारच. पण त्यांच्या बसण्यात शाळेत मास्तरांनी उभं केलेल्या पोरासारखं काहीतरी होतं. देवघरात निरांजन जळत होतं. काकू तबक घेऊन आल्या. कुंकू, अक्षता, सुपारी, आणि मध्ये, निरांजनाच्या जागी, ती प्लास्टिकची पणती.

मी हातातली करंजी खाली ठेवली.

काकूंनी कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि त्या न पेटणाऱ्या दिव्यानं नवऱ्याला ओवाळायला लागल्या. सावकाश, राणीला ओवाळलं तितक्याच सावकाश. चेहऱ्यावर राग नव्हता, हसू नव्हतं. काका दिव्याकडे बघत होते. माझी खात्री होती की आता हात पुढे येणार आणि दिवा उलटा होणार.

हात पुढे आले. दोन्ही. त्यांनी ते दिव्यावर धरले, थोडा वेळ धरून ठेवले आणि स्वतःच्या गालांना लावले.

मग त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. पाडव्याला नवरा तबकात ओवाळणी घालतो. काकांनी कागदाचा कपटा सोडला आणि तो बटणाएवढा सेल तबकात, सुपारीशेजारी ठेवला. नवा सदरा घालतानाही त्यांनी तो जुन्या खिशातून या खिशात आणला होता.

काकूंनी सेल बघितला. "एवढीच का ओवाळणी?"

"आजून हाय. ती नंतर." त्यांनी कागदाचा कपटा परत खिशात घातला. "परत ओवाळ एकदा."

"कशानं?"

काकांनी देवघरातल्या निरांजनाकडं बघितलं.

काकू उठल्या. पणती आणि सेल त्यांनी तबकातून काढून खिडकीत ठेवले, सुलटेच. देवघरातून जळतं निरांजन आणलं, त्यात बुधलीतून थोडं तेल घातलं. तेलाचा डबा त्याच दिवशी नवा आला होता. माझ्यासमोर आला होता आणि कोपऱ्यात बांधल्या दोरीसकट उभा होता, काकांनी उलटा न केलेला. मी काकांकडे बघत राहिले. निरांजन त्यांच्या चेहऱ्यासमोरून एकदा गेलं, दुसऱ्यांदा गेलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते, आणि तेल कुठलं, हे त्यांनी विचारलं नाही.